घरघंटीचा रॉकर स्विच आईच्या कॉम्प्युटरला: प्रकल्प नोंदी

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

दिवाळीच्या आठवडाभर आधी, चकलीची भाजणी दळतानाच आईच्या घरघंटीची मोटर जळाली. अठरा वर्षं चालली होती. रिवाइंडिंगवाल्यांनी उघडून बघितली आणि आता यात पैसे घालू नका म्हणाले. नवी घरघंटी आली, जुनी आज भंगारवाल्याकडे गेली. जायच्या आधी मी तिचं पुढचं बटण काढून घेतलं.

बाजारात याला रॉकर म्हणतात. लाल, आरपार दिसणारं प्लास्टिक, आत दिवा, मागे चार पिना. पॅनलमध्ये बसणारा भाग व्हर्नियरने मोजला: २८.२ बाय २२ मिलिमीटर. एका बाजूला छापलं आहे १६(४) अँपिअर, २५० व्होल्ट. तोंडावर नेहमीच्या दोन खुणा, चालूला उभी रेघ आणि बंदला गोल. रेघ जवळजवळ पुसली गेली आहे आणि गोल अजून कोरा करकरीत आहे. दोन्ही बाजू सारख्याच वेळा दाबल्या गेल्या असणार, मग असं का? आईला विचारलं. म्हणाली, "अगं, चालू करताना हात कोरडा असतो, अंगठ्याने दाबते. बंद करताना पिठाचा हात असतो ना, म्हणून बोटाच्या पेराने ढकलते." अठरा वर्षांचा अंगठा त्या रेघेवर आहे. हा स्विच मला ड्रॉवरमध्ये पडू द्यायचा नाही.

कॅबिनेट मामाकडचं आहे. त्याच्या एमएस-सीआयटीच्या क्लासमधलं, २००३ सालचं, मळकट पांढरं, जाड पत्र्याचं. क्लास बंद झाला तेव्हापासून माळ्यावर होतं. आत माझा जुना मदरबोर्ड आणि नवा एसएमपीएस (मेन लाइनवरून कॉम्प्युटरला लागणारी कमी व्होल्टची वीज करून देणारा डबा) बसवला आहे. पुढचं पॉवर बटण मात्र तुटलेलं, आतली प्लास्टिकची जीभच गेली आहे. यावर आई भाजणी-मेतकुटाच्या ऑर्डरी लिहिणार, हिशेब ठेवणार, पाकिटांवरची लेबलं छापणार. आज ते सगळं एका वहीत आणि तीन कॅलेंडरांच्या मागच्या बाजूला आहे.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी पक्की करून ठेवते. या स्विचमधून पुन्हा २३० व्होल्ट जाणार नाहीत. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स ही कॉम्प्युटरच्या बांधणीची नवी पद्धत आणली, त्याआधीच्या एटी कॅबिनेटमध्ये थेट मेन लाइनच पुढच्या बटणापर्यंत यायची. एसएमपीएसमधून जाड केबल निघायची, तिच्यात तपकिरी, निळी, काळी, पांढरी अशा चार वायरी, आणि बटणावर चार थिंबलं (पिनांवर खुपसून बसणारी वायरींची टोकं). जोडी चुकली की फेज आणि न्यूट्रल समोरासमोर. तशी एक केबल मामाच्या हातून चुकली होती, ती ठिणगी त्याला अजून आठवते. इथे तर पत्र्याचं कॅबिनेट आहे, ओढून निघणारा पुढचा पॅनल आहे आणि अठरा वर्षं पिठात राहिलेला स्विच आहे. मेन लाइन मागे एसएमपीएसच्या स्वतःच्या बटणाशीच थांबेल. पुढे येतील ते फक्त ५ व्होल्ट.

बुधवार, ५ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा. आई देवळात पणत्या लावायला गेली, तेवढ्यात स्विच उघडला.

बाजूच्या कानांत पातळ स्क्रूड्रायव्हर घालून लाल टोपी उचलली. सगळं एका पारदर्शक पिशवीत हात घालून केलं, म्हणून स्प्रिंगा उडाल्या त्या पिशवीतच राहिल्या. दोन स्प्रिंगा, दोन दांड्या, दोन पितळी पट्ट्या. आणि पीठ. सैल, फुंकरीने उडणारं नव्हे. पावसाळ्यांच्या ओलीने बसत बसत गेलेलं, नखाने खरवडलं तर पापुद्रा सुटावा असं. ज्वारीचं, बेसनाचं, भाजणीचं, सगळं एक होऊन करडं-पिवळं झालेलं. वास किंचित खवट, तळाशी पीठ राहिलेल्या जुन्या डब्याचा.

रचना सीसॉसारखी आहे. टोपीच्या पोटात स्प्रिंगवर बसलेली दांडी असते, ती पितळी पट्टीच्या पाठीवरून सरकते. मध्य ओलांडला की पट्टी खटकन दुसऱ्या अंगावर पडते. बोट सावकाश फिरलं तरी शेवटची उडी स्प्रिंग मारते. 'खट्' हा आवाज त्या उडीचा, आणि मला जो जपायचा आहे तो हाच.

पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकून वीज जोडणाऱ्या टिकल्या, चांदीच्या मिश्रधातूचे. मूळचा आकार गुळगुळीत घुमटासारखा असणार. चारपैकी दोन अजून तसे आहेत. तिसऱ्याचा माथा बसला आहे आणि चौथ्याला मधोमध खड्डा पडून कडेने वितळलेल्या धातूचे बारीक काळे मणी जमले आहेत, भिंगाखाली चुलीतल्या खंगरासारखे दिसतात. कारण स्विचवरच छापलेलं आहे. १६ हा आकडा हीटर-इस्त्रीसारख्या भारासाठी, कंसातला ४ मोटरसाठी. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून तिच्यासाठी मर्यादा कमी. घरघंटीची मोटर १ एचपीची, म्हणजे ७४६ वॅट. कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर धरून हिशेब केला तर चालू असताना पाच ते सहा अँपिअर. चार नव्हे. म्हणजे अठरा वर्षं हे बटण त्याच्या ऐपतीबाहेरचं काम करत होतं.

आतला दिवा निऑनचा आहे, काच काळवंडलेली. त्याच्या रांगेत एक रेझिस्टर, पट्टे तपकिरी-हिरवा-पिवळा, म्हणजे १५० किलोओहम. निऑनला पेटायलाच साठ-सत्तर व्होल्ट लागतात. माझ्याकडे पाच. तेव्हा दिवा बदलावा लागणार.

मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळं धुतलं. पॉइंटमध्ये अल्कोहोलने भिजवलेली कागदाची पट्टी धरून ओढली, काळं निघत होतं तोवर. पॉलिश पेपर लावला नाही. चांदीचा थर मुळात पातळ, त्यातला निम्मा जळून गेलेला. उरलेला घासून घालवायचा नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

मुद्दाम चुकीच्या पद्धतीने एक चाचणी केली, नक्की काय होतं ते बघायला. रॉकरच्या दोन वायरी थेट मदरबोर्डच्या पॉवर बटणाच्या पिनांवर लावल्या (पुढच्या जुडग्यातल्या ६ आणि ८ नंबरच्या).

रेघ दाबली. पंखे फिरले, स्क्रीनवर अक्षरं आली, आणि चार सेकंदांनी सगळं बंद. बरोबरच आहे. कॉम्प्युटरचं बटण दारावरच्या बेलसारखं असतं, दाबायचं आणि सोडायचं. चार सेकंद दाबून धरलं तर बोर्ड समजतो की मशीन अडकलं आहे, जबरदस्तीने बंद करा. रॉकर तर दाबला की दाबलेलाच राहतो.

हिरव्या वायरीचा मार्गही विचारात होता. एसएमपीएसच्या २४ पिनांतली १६ नंबरची हिरवी वायर जमिनीला (म्हणजे शून्य व्होल्टच्या काळ्या वायरीला) टेकवली की एसएमपीएस सुरू होतो. तिथे रॉकर लावला तर तो सरळ चालू-बंद होईल, काहीच सर्किट नको. पण मग गोल दाबला की फाइली नीट बंद करायलाही वेळ मिळणार नाही, आणि आईच्या हिशेबाशी असा खेळ मी करणार नाही.

त्याच चाचणीत दुसरी, जास्त त्रासदायक गोष्ट दिसली. वीस वेळा रेघ दाबली. तेरा वेळा मशीन सुरू झालं, सात वेळा काहीच नाही. मल्टिमीटरवर तोच स्विच कधी ०.३ ओहम दाखवतो, कधी ४०, कधी बीपच नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

सात वेळा का चुकला याचं उत्तर देवघरात आहे. चांदीची निरांजनं घासली नाहीत की काळी पडतात. हवेतल्या गंधकाचा चांदीवर बसलेला तो थर असतो. स्विचच्या पॉइंटवरही तोच बसतो. २३० व्होल्ट आणि काही अँपिअर असतील तर प्रत्येक वेळी छोटीशी ठिणगी पडते आणि थर फुटतो, म्हणजे स्विच वापरात स्वतःला साफ करत राहतो. मदरबोर्डच्या पिनांवर मात्र जेमतेम ३.३ व्होल्ट आणि मिलिअँपिअरपेक्षाही कमी करंट. तेवढ्याने तो थर भेदला जात नाही. म्हणूनच बारीक सिग्नलच्या स्विचांना पॉइंटवर सोन्याचा मुलामा देतात. मोठ्या स्विचला लहान काम दिलं तर तो ते आरामात करेल असं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. जास्तीत जास्त करंट सगळे बघतात, पण कमीत कमी किती लागतो ते कोणी बघत नाही. पॉवर रिलेंच्या (विजेने हलणाऱ्या मोठ्या स्विचांच्या) माहितीपत्रकात तो आकडा दिलेला असतो, पुष्कळदा ५ व्होल्टला १०० मिलिअँपिअर.

तेव्हा तेवढा करंट द्यायचा. मशीन बंद असतानाही एसएमपीएस जांभळ्या वायरीवर (९ नंबर) ५ व्होल्ट चालू ठेवतो. तिथून रॉकरमधून ४७ ओहमच्या रेझिस्टरवर आणि तिथून जमिनीला. ५ भागिले ४७ म्हणजे १०६ मिलिअँपिअर, अर्ध्या वॅटच्या किंचित वर. २ वॅटचा रेझिस्टर घेतला की गार राहील. शिवाय स्विचच्या दोन्ही बाजूच्या जोड्या समांतर जोडायच्या, म्हणजे जळालेली जोडी चुकली तरी चांगली जोडी साथ देईल.

ब्रेडबोर्डवर (डाग न देता जोडणी करून बघायच्या पाटीवर) जोडून शंभर वेळा दाबला. शंभरही वेळा लागला.

आत एखादा नवा मायक्रोस्विच दडवून वर फक्त जुनी टोपी ठेवणं याहून सोपं होतं. मला ते नको. खटका त्याचा आणि काम दुसऱ्याचं, असं केलं तर ही नुसती शोभेची वस्तू होईल.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज दुरुस्तीच्या कामासाठी सकाळी दहाला लाइट गेली, गुरुवारी जाते तशी. आई नव्या घरघंटीवर ज्वारी दळत होती. लाइट जाताक्षणी तिचा हात बटणावर. मी विचारलं, "आपोआप बंद झालीच आहे की, परत बटण कशाला?"

"लाइट आली की आपोआप सुरू होईल ना! आणि तेव्हा कुणाचा हात आत असला म्हणजे?"

तिच्या दृष्टीने यात विशेष काही नव्हतं. मला मात्र सर्किटचा सगळ्यात महत्त्वाचा नियम मिळाला. विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते ती याचसाठी. वीज गेली की ती स्टार्टर सोडून देते, आणि वीज आली तरी माणसाने येऊन हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर उठत नाही. माझ्या रॉकरलाही हेच हवं. वीज आली तेव्हा तो रेघेवर असला तरी कॉम्प्युटर सुरू होणार नाही. आधी गोल, मग रेघ, असा माणसाचा हात फिरला तरच.

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगांत) वीज परत आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं, तेही 'बंद राहा' वर ठेवलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पुण्यातली तपकीर गल्ली, इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा बाजार. एटीटाइनी ८५ (प्रोग्राम घालता येणारी छोटी चिप) एक, पीसी ८१७ ऑप्टोकपलर (वायरीने न जोडता उजेडाने इशारा पोचवणारा स्विच) दोन, ४७ ओहम २ वॅट, ३ मिलिमीटरचे अंबर एलईडी पाच, २४ पिनांची एक्स्टेन्शन केबल. शेवटची वस्तू महत्त्वाची आहे. जांभळी वायर मला एसएमपीएसची कापायची नाही, एक्स्टेन्शनची कापायची आहे. उद्या काही चुकलं तर ती काढून फेकली की मशीन पूर्ववत.

दुकानातल्या काकांना स्विच दाखवला. त्यांनी कानाशी धरून दोनदा दाबला आणि म्हणाले, "असा आवाज आताच्या मालात नाही येत." सोबत नवा त्याच मापाचा रॉकर दाखवला. खरंच, त्याचा आवाज पोकळ आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

आजचा पूर्ण दिवस सर्किट आणि प्रोग्राम. इथे सविस्तर लिहून ठेवते, कारण सहा महिन्यांनी मलाच आठवणार नाही.

एटीटाइनीला वीज जांभळ्या वायरीवरून, म्हणजे तो कायम जागा. त्याला दोन गोष्टी दिसतात. एक, रॉकर कुठे आहे (४७ ओहमच्या डोक्यावरचं टोक, मध्ये १० किलोओहम). दोन, मशीन खरंच चालू आहे का. हे मोलेक्सच्या (डिस्कला वीज देणाऱ्या जोडाच्या) लाल वायरीवरच्या ५ व्होल्टवरून कळतं, ते मशीन चालू असतानाच येतात. आणि त्याच्या हातात एकच गोष्ट आहे: ऑप्टोकपलरमधून मदरबोर्डच्या पॉवर पिना २०० मिलिसेकंद जोडणं.

मुळातली अडचण अशी. साध्या पॉवर बटणाला स्थिती नसते. ते काहीच सांगत नाही, नुसती हाक मारतं. रॉकर मात्र सतत काहीतरी सांगत असतो, रेघ किंवा गोल. तो जे सांगतो ते खोटं ठरू नये यासाठी हा सगळा खटाटोप. म्हणून प्रोग्राम रॉकरची जागा बदलली की आधी मशीनकडे बघतो. रेघ झाली आणि मशीन बंद आहे, तर हाक मार. गोल झाला आणि मशीन चालू आहे, तर हाक मार. आधीच जुळत असेल तर गप्प बस. मेनूमधून कुणी मशीन बंद केलं आणि मग गोल दाबला, तर नुसत्या हाकेने ते उलट सुरू झालं असतं. आता होणार नाही.

वीज नव्याने आली की एटीटाइनी रॉकरची जागा फक्त टिपून ठेवतो, करत काही नाही. हा आईचा नियम.

खटका बसताना पॉइंट काही मिलिसेकंद थरथरतात, त्यासाठी ४० मिलिसेकंद थांबून परत बघतो. वॉचडॉग, म्हणजे प्रोग्राम अडकला तर तो पुन्हा सुरू करणारं चिपमधलं घड्याळ, एका सेकंदावर लावला आहे. प्रोग्राम अडकून हाक चारपेक्षा जास्त सेकंद लांबली तर मशीन जबरदस्तीने बंद होईल, आणि मग हिरव्या वायरीच्या मार्गाचा जो दोष तोच इथे आला असता.

लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पॉवर बटणाला 'लगेच बंद करा' असं सांगितलं, नाहीतर ते प्रश्न विचारत बसतं. स्लीप पूर्ण बंद केली. स्लीपमध्ये लाल वायरीवरचे ५ व्होल्ट जातात आणि एटीटाइनीला मशीन बंदच वाटतं.

ऑप्टोकपलर पहिल्यांदा उलटा लागला होता. मदरबोर्डच्या दोन पिनांपैकी एक जमिनीची असते. रॉकरला फरक पडत नव्हता, ट्रान्झिस्टरला पडतो. पिना उलटवल्या, चाललं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

पट्टीचं काम. स्विच कॅबिनेटच्या मूळ पॅनलमध्ये नाही, सव्वापाच इंचांच्या ड्राइव्हच्या जागेवरच्या झाकणपट्टीत बसवायचा. पट्टी १४८ बाय ४२ मिलिमीटर, उभा स्विच तिच्यात आरामात मावतो, आणि मूळ कॅबिनेटला कुठेही छिद्र पडत नाही. अशा चार पट्ट्या होत्या, एकीच्या जागी डीव्हीडी ड्राइव्ह, हातात तीन.

पहिली पट्टी वाया गेली. आतून अडीच मिलिमीटरची छिद्रं पाडत चौकोन काढला, एक्सा ब्लेडच्या तुकड्याने छिद्रांमधला भाग कापला, आणि कानस लावताना वरच्या डाव्या कोपऱ्यातून तडा थेट कडेपर्यंत गेला. दोन चुका होत्या. पट्टी मी फक्त दोन टोकांना शिकंज्यात धरली होती, मधला भाग कानशीबरोबर थरथरत होता. आणि कोपरे काटकोनात धारदार काढले होते. वीस वर्षं उजेड खाल्लेलं एबीएस प्लास्टिक पिवळं तर पडतंच, वरून ठिसूळही होतं, आणि ताण नेमका कोपऱ्यात गोळा होतो.

दुसरी पट्टी आईच्या जुन्या लाकडी पाटावर पालथी ठेवून चारी बाजूंनी दाबली. आधी चार कोपऱ्यांना गोल छिद्रं पाडली, मग त्यांच्यामधल्या सरळ बाजू कापल्या. कानस फक्त पुढे ढकलताना लावायची, मागे आणताना उचलायची. रेषेच्या आत पाव मिलिमीटर ठेवून थांबले, स्विच लावून बघितला, परत दोन हात, परत लावून बघितला. असं अकरा वेळा. अकराव्या वेळी दोन्ही बाजूचे कान एकदम आत गेले आणि टक् करून बसले. हलवून बघितलं, तसूभरही हलत नाही.

तरी दाबताना पट्टी आत वाकते. घरघंटीचा पत्रा वाकत नव्हता. आवाजातही फरक पडतो, खटका मऊ वाटतो. मागून दीड मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावली, स्विचच्या कानांना जागा राहावी म्हणून तिच्यातलं छिद्र मोठं. चार स्क्रू. आता आवाज परत भरीव झाला.

रविवार, २३ नोव्हेंबर

दिवा. निऑन आणि त्याचा रेझिस्टर काढला. दोन्ही आत थेट पिनांना टेकलेले असतात, म्हणून एलईडीसाठी स्विचच्या पाठीत दीड मिलिमीटरचं छिद्र पाडून दोन बारीक वायरी वेगळ्या बाहेर काढल्या. आधी पांढरा एलईडी लावला, लाल प्लास्टिकमधून गुलाबी आणि थंड दिसला. अंबर लावल्यावर जुन्या निऑनचा रंग जवळजवळ तोच. ६८० ओहम, चार-साडेचार मिलिअँपिअर, जास्त उजेड नको. वीज लाल वायरीवरून, म्हणजे दिवा रॉकरवर अवलंबून नाही, मशीनवर आहे. पेटला असेल तर मशीन खरंच चालू आहे.

सगळ्या जोडांना डाग दिले, हीट-श्रिंक चढवली. चार पिनांना थिंबलंच लावली, डाग दिला नाही, उद्या स्विच काढावा लागला तर.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडून, आरती झाल्यावर आई कॉम्प्युटरसमोर बसली. मी काहीच सांगितलं नाही, फक्त "चालू कर" म्हटलं.

तिने अंगठा ठेवला तो खालच्या बाजूला. खाली गोल होता. काही झालं नाही. तिने परत दाबलं आणि माझ्याकडे बघितलं.

चूक माझी. रेघ वर ठेवली होती, कारण वर म्हणजे चालू असं डोक्यात बसलं होतं. आपल्या घरात भिंतीवरचं प्रत्येक बटण खाली दाबलं की चालू होतं, आणि घरघंटीवरही रेघ खालीच होती. काढून घेताना मी माप घेतलं, फोटो घेतला, पण दिशा लिहून ठेवली नाही. थिंबलं काढली, स्विच उलटा फिरवून परत बसवला. पाच मिनिटं.

आता खाली दाबलं, खट्, दिवा लागला. आई हसली आणि लगेच पेराने वर ढकलून बंद केलं, आणि बंद होतंय न होतंय तोच परत चालू केलं. घरघंटी अडकली की ती हेच करायची. आणि इथे प्रोग्राम उघडा पडला. गोल झाल्यावर हाक गेली, लिनक्स बंद व्हायला लागलं. तेवढ्यात रेघ झाली, मशीन अजून चालूच दिसलं, म्हणजे जुळतंय, म्हणून एटीटाइनी गप्प. दहा सेकंदांनी मशीन बंद, दिवा बंद, रॉकर रेघेवर. खोटं बोलणारा रॉकर. शंभर चाचण्यांत मला हे सापडलं नव्हतं, कारण मी दरवेळी मशीन बंद होईपर्यंत थांबत होते.

रविवार, ३० नोव्हेंबर

दुरुस्ती. बंदची हाक गेल्यानंतर लाल वायरीवरची वीज जायच्या आत रेघ आली, तर ती लक्षात ठेवायची. वीज गेल्यावर पाच सेकंद थांबायचं आणि मग चालूची हाक द्यायची. मध्येच परत गोल झाला तर ती आठवण पुसायची.

उलट बाजूही तपासली. मशीन अर्धवट सुरू झालेलं असताना गोल दाबला, तर लिनक्स ती हाक ऐकण्याइतकं जागं नसतं आणि हाक वाया जाते. म्हणून ९० सेकंदांनंतरही मशीन चालूच असेल तर आणखी एकच हाक. दुसरीनंतर नाही, कारण तेव्हा खरंच काहीतरी बिघडलेलं असेल आणि ते माणसाने बघावं.

आईला बसवून मुद्दाम वेडंवाकडं दाबायला लावलं. पंधरा मिनिटं. एकदाही चुकलं नाही. रेझिस्टरला तासाभराने बोट लावलं, कोमट.

पुसलेली रेघ पांढऱ्या रंगाने परत काढू का, असं आईला विचारलं. नको म्हणाली.

मंगळवार, १६ डिसेंबर

दोन आठवडे रोज वापर. पॉइंट मल्टिमीटरने परत मोजले, दोन्ही जोड्या मिळून ०.२ ओहम, स्थिर.

संध्याकाळी सव्वासातला अचानक लाइट गेली. आई ऑर्डरी लिहीत होती. अंधारात खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि त्यामागून लगेच तो खटका. मी मोबाइलचा टॉर्च लावला तेव्हा रॉकर गोलावर होता. आता त्याची गरज नाही, लाइट आली तरी हा आपोआप सुरू होत नाही, असं मी तिला दोनदा सांगितलं आहे. आजही सांगितलं. "बरं," म्हणाली, आणि देवापुढे निरांजन लावायला गेली.

आठ वाजून दहा मिनिटांनी लाइट आली. मशीन गप्पच. तिने येऊन अंगठ्याने खाली दाबलं, अंबर दिवा लागला, मिंट उघडलं. लिबरऑफिसने फाइल परत मिळवायची का म्हणून विचारलं, तिने हो केलं. शेवटची ओळ गेली होती. मेतकूट, पाव किलो, दोन. तिने ती परत लिहिली.